मजीद कंडक्टरची चाल

साहेब, चौकातल्या त्या मोठ्या पडद्यावर बेचाळिसाव्या सेकंदापासून एकोणपन्नासाव्या सेकंदापर्यंत जो माणूस चोरून नळाला मोटार लावतो, त्याला चोर तुम्ही केलंत. दुसऱ्या कुणी नाही. खुर्चीत मागं रेलून, एका हातात चहाचा कप आणि दुसऱ्या हातात मोबाईल धरून, मान वर न करता, एका वाक्यात केलंत. तुमचं नाव इथं घेत नाही, कारण उद्या त्या खुर्चीत दुसरा कुणी बसेल आणि तोही असाच रेलेल. पण तुमच्या त्या वाक्यामुळं आमचे मजीदभाई घराबाहेर चालत निघेनासे झालेत. कोपऱ्यावरच्या टपरीवर चहा प्यायला जायचं तरी रिक्षा बोलावतात. ज्या माणसानं एसटीच्या नोकरीत उभी हयात उभ्यानं काढली, तो आता बसून असतो. याचं काय करायचं ते सांगा.

तुम्ही म्हणाल, फिल्म तर त्या बनकर मास्तरनं बनवली. बनवली ना. त्यालाही सोडायचं नाही. रांगेत त्याचा नंबर दुसरा आहे, एवढंच.

तर इंद्रजीत बनकर. मूळचे देवगाव रंगारीचे. शहरातल्या एका खासगी शाळेत चित्रकलेचे शिक्षक. चित्रकलेच्या शिक्षकाचा तास गणिताचे सर उसना नेतात आणि परत करत नाहीत. उरलेल्या वेळात त्यानं सुविचार लिहायचा, पाहुणे आले की रांगोळी काढायची आणि हेडमास्तरांच्या पुतणीच्या रुखवतात कापसाचा ताजमहाल करून द्यायचा. बनकर सरांनी जन्मभर दुसऱ्यांची नावं रंगवली. निवृत्त होणाऱ्यांची मानपत्रं, देणगीदारांच्या फरश्या, उद्‌घाटनाच्या पाट्या. स्वतःचं नाव कुठंच नाही. घराच्या दारावर पाटी आहे ती वडलांच्या नावाची, आणि ती काढून आपली लावावी असं मनात आलं की त्यांच्या मिसेस, करुणावहिनी, नुसतं त्यांच्याकडं बघतात.

अशात महापालिकेतल्या तुमच्या जनजागृती कक्षाचं परिपत्रक शाळेत आलं. ‘पाणी जपा’ या विषयावर एक मिनिटाची ॲनिमेशन फिल्म. निवडलेली फिल्म चौकातल्या पडद्यावर दाखवली जाईल आणि शेवटी बनवणाऱ्याचं नाव येईल. बनकर सरांनी सगळं परिपत्रक एकदा वाचलं आणि शेवटची ओळ पुनःपुन्हा वाचली. त्यांना ॲनिमेशन येत होतं का? गॅदरिंगसाठी त्यांनी एक पोपट उडवला होता. तो एका पंखानं उडायचा, पण टाळ्या पडल्या होत्या.

गोष्ट त्यांनी साधी ठरवली. एक चांगला नागरिक असतो, तो रस्त्यावरचा वाहता नळ बंद करतो. एक वाईट माणूस असतो, तो नळाला मोटार लावून शेजाऱ्यांचं पाणी ओढतो. शेवटी साहेबांचं, म्हणजे तुमचंच, चित्र येतं, हात जोडतं आणि चार शब्द बोलतं. कॉलनीच्या कट्ट्यावर ही गोष्ट सांगितली तेव्हा अध्यक्ष कडूबाआप्पांनी गंभीरपणे विचारलं, “मोटार लावणारा वाईट व्हय?”

“वाईटच ना आप्पा. शेजाऱ्याचं पाणी तोडतो.”

“मंग आपल्या कॉलनीत चांगलं कोण ऱ्हायलं?”

कट्टा हसला. बनकर सरही हसले, कारण हसण्यावाचून इलाज नव्हता. आठवड्यानं कधी तरी नळ येणार, आला तर करंगळीएवढी धार. त्यामुळं ज्याच्या त्याच्या अंगणात एक प्लास्टिकचा टब पालथा असतो आणि त्या टबाखाली काय असतं हे कुणी कुणाला विचारत नाही, हा आमच्या कॉलनीचा सभ्यपणा आहे. बनकर सरांचा टब निळा. अख्ख्या गल्लीत मोटार नव्हती ती एका घरी, त्यांच्या भिंतीला भिंत लागून असलेल्या मजीदभाईंकडं. त्यांना म्हणे आवाजाचा कंटाळा. जन्मभर इंजिनाशेजारी उभं राहिलेला माणूस, घरात शांतता मागत होता.

आप्पांनी आणखी सल्ले दिले. चोर जाड दाखवा म्हणाले, मग स्वतःच्या पोटाकडं बघून म्हणाले, नाय, राहू द्या. समोरच्या द्वारकाबाईंनी बजावलं की फिल्ममधल्या बाईचा पदर नीट डोक्यावर पाहिजे आणि तिच्या बादलीला कड्या दोन पाहिजेत. एका बादलीला एकच कडी काढली म्हणून त्या चार दिवस बोलल्या नाहीत.

खरी अडचण चालण्याची निघाली. सरांची माणसं चालत नव्हती, घसरत होती. पाय हलायचे, पण जमीनच मागं सरकतेय असं वाटायचं. सरांनी मोबाईलवर शिकवणीचे व्हिडिओ पाहिले. सगळ्यांत एकच सांगणं: खरा माणूस चालताना पाहा, त्याचं शूटिंग करा, मग त्यावरून काढा. सरांनी खिडकीतून बाहेर पाहिलं आणि बाहेरून मजीदभाई दूध घेऊन येत होते.

मजीदभाईंची चाल सांगितल्याशिवाय पुढं जाता येत नाही. तीसेक वर्षं सिल्लोडच्या रस्त्यावरच्या गाडीत कंडक्टर. तो रस्ता ज्यानं पाहिलाय त्याला जास्त सांगायला नको. चालत्या गाडीत तिकिटं फाडता फाडता त्यांचे पाय जे फाकले ते फाकलेच. सपाट सिमेंटच्या गल्लीतही ते वळणावर एका अंगाला कलतात, गतिरोधक नसला तरी गुडघ्यात दबतात, आणि दर थोड्या पावलांनी त्यांचा उजवा हात आपोआप वर जातो, डोक्यावरचा दांडा धरायला. दांडा नसतो. हात हवेत क्षणभर थांबतो, बोटं मिटतात आणि खाली येतो. अशी चाल दुसरी नाही. सिल्लोडच्या रस्त्यावर जी माणसं त्या गाडीत चढली, ती आजही लांबून पाठमोऱ्या मजीदभाईंना हाक मारतात.

“मजीदभाई, तुमचं जरा चालणं पाहिजे होतं,” बनकर सर म्हणाले.

“कुठं जायचंय?”

“कुठं नाही. इथंच. गल्लीत. फिल्मसाठी.”

मजीदभाईंनी दुधाची पिशवी बायकोकडं, अजराभाभींकडं दिली. “फिल्ममधी? हिरो का व्हिलन?”

“हिरो! नळ बंद करणारा आदर्श नागरिक.”

“ऐकलं का अजरा? इस्त्री कर.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मजीदभाई कडक इस्त्रीच्या सदऱ्यात, अत्तर लावून आले. अत्तर मोबाईलमध्ये येत नाही असं अजराभाभींनी सांगून पाहिलं, पण त्यांचं म्हणणं, माणसाच्या चालीत येतं. ते गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालले. सुरुवातीला ताठून, फोटोत उभं राहिल्यासारखे. सर म्हणाले, “असं नको, सिल्लोडची गाडी आहे असं समजा.” मग काय विचारता. कलले, दबले, हात वर गेला. कट्ट्यावरून आप्पा ओरडले, “ओ कंडक्टर, एक सिल्लोड!” आणि मजीदभाईंनी चालता चालता खिशातून नसलेलं तिकीट फाडून दिलं.

आता थोडं यंत्राविषयी, नाही तर पुढचं पाप कळणार नाही. ॲनिमेशनमध्ये माणूस एकसंध नसतो. उजवा हात हा एक ट्रॅक, डावा दुसरा, मान तिसरा, कंबर चौथा. प्रत्येकाची स्क्रीनवर एक आडवी पट्टी आणि पट्टीवर ठिपके. ठिपका म्हणजे त्या क्षणी तो अवयव कुठं होता त्याची नोंद. मग माउसनं त्या पट्ट्यांवर एक चौकोन ओढायचा, या सेकंदापासून त्या सेकंदापर्यंत; याला सिलेक्शन म्हणतात. तेवढा काळ तुमच्या ताब्यात. तो कापा, ताणा, उलटा फिरवा, उचलून दुसऱ्याच्या अंगावर टाका. माणसाच्या आयुष्यातलाही असा एखादा तुकडा निवडून पुसता आला असता तर बरं झालं असतं. बनकर सरांनी कोणता पुसला असता ते पुढं येईलच.

सगळी उन्हाळ्याची सुटी त्यांनी मजीदभाईंच्या चालीवर घातली. ठिपका, ठिपका, ठिपका. आणि एका दुपारी स्क्रीनवर चेहरा नसलेला, कपडे नसलेला एक राखाडी पुतळा चालू लागला आणि चालता चालता त्याचा हात वर गेला, बोटं मिटली. करुणावहिनी चहा घेऊन आल्या होत्या, त्या दारातच थांबल्या. “अगं बाई,” म्हणाल्या, “मजीदभाई!”

मजीदभाईंना बोलावलं. ते खुर्चीच्या कडेवर बसून स्वतःला चालताना पाहत राहिले. पुन्हा लावा म्हणाले. पुन्हा लावलं. मग हळूच विचारलं, “सर, मी नसलो तरी हे चालत राहील ना?”

“चालत राहील की.”

“असंच?”

“असंच.”

साहेब, बनकर सरांनी दिलेला शब्द तो हा. लिहून ठेवा.

कच्ची फिल्म घेऊन सर तुमच्या कक्षात आले. पहिले दोन दिवस तुम्ही नव्हता. तिसऱ्या दिवशी होता, पण मीटिंगमध्ये. वरिष्ठ लिपिक पुंजाराम यांनी सांगितलं की फिल्मसोबत फिल्मचा आराखडा, आराखड्यासोबत हेडमास्तरांचं पत्र आणि फिल्ममधली नळाचं पाणी पिणारी म्हैस दाखवायची असेल तर तिच्यावर अत्याचार झाला नसल्याचं हमीपत्र लागेल. सर म्हणाले, म्हैस काढलेली आहे. पुंजाराम म्हणाले, काढून टाका म्हणजे प्रश्नच मिटला. सर म्हणाले, काढलेली म्हणजे चित्र काढलेलं. त्यावर पुंजारामांनी थोडा विचार करून हमीपत्रच द्या म्हणून सांगितलं. सरांनी चित्रातल्या म्हशीच्या वतीनं सही केली.

शेवटी तुम्ही पाहिलीत. चहा पीत, मोबाईल बघत, अधूनमधून पडद्याकडं.

“हा नागरिक असा काय चालतो?” तुम्ही विचारलंत.

“सर, ती एका कंडक्टरची—”

“आदर्श नागरिक डगमगत नाही. आणि हात कशाला वर करतो? काही मागतोय का? सरळ चालवा त्याला.”

“होय सर.”

“तुमचा चोर मात्र अगदीच निर्जीव आहे. घसरतो नुसता.” इथं तुम्ही कपातला शेवटचा घोट घेतलात. “असं करा, ती डुगडुगती चाल तयार आहे ना? ती चोराला लावा. शोभेल.”

शोभेल. हे तुमचं वाक्य. यानंतर बनकर सर काय बोलले ते इथं सांगत नाही. ते ज्यानं विचारायचं तो विचारेल.

रविवारी दुपारी सर कामाला बसले. चांगल्या नागरिकाच्या सगळ्या पट्ट्यांवर चौकोन ओढला, कॉपी केला, चोराचा काळ निवडला, बेचाळीस ते एकोणपन्नास, आणि पेस्ट केला. पण पेस्ट करताना नुसता चोर निवडायचा राहिला. सगळंच निवडलेलं होतं. फिल्म चालू केली तर चोर कंडक्टरसारखा चालत होता, पदरवाली बाई कंडक्टरसारखी चालत होती, म्हैस दांडा धरत होती, आणि रस्त्यावरचा नळ दोन्ही पाय फाकून एका अंगाला कलला होता. सरांनी घाईनं मागं घेतलं. मागं घेताना काळ उलटा झाला. आता बादलीतलं पाणी वर चढून नळात शिरू लागलं. सल्ला द्यायला आलेले कडूबाआप्पा म्हणाले, “हे असूं द्या सर. आपल्याकडं असंच असतं.”

तेही दुरुस्त केलं. मग फिल्म लांबली म्हणून साहेबांच्या भाषणातला तुकडा कापला. पण तोंडाच्या पट्टीला कुलूप होतं, ती कापली गेली नाही. त्यामुळं साहेबांचं भाषण संपलं, हात जोडून झाले, नमस्कार झाला, तरी तोंड हलतच राहिलं.

“हे तर हुबेहूब जमलं,” आप्पा म्हणाले.

हसत हसत आप्पा गेले. मग करुणावहिनी मागं येऊन उभ्या राहिल्या. चोर पडद्यावर आला. सरांनी त्याला जाड मिशी लावली होती, टोपी घातली होती, गॉगल दिला होता. चोर फाकल्या पायांनी आला, कलला, हात वर गेला, बोटं मिटली.

“अहो, हे मजीदभाई आहेत.”

“चेहरा कुठंय त्यांचा? मिशी बघ.”

“चेहरा कोण बघतंय?” वहिनी म्हणाल्या. मग जरा वाकून स्क्रीनकडं पाहिलं. चोराच्या पायाशी हिरवी मोटार होती, वायरला लाल चिकटपट्टी गुंडाळलेली. “आणि ही मोटार?”

मोटार काढायला नमुना लागतो. नमुना घरचाच घेतला होता.

“म्हणजे मोटार आपली आणि चाल त्यांची,” करुणावहिनी म्हणाल्या आणि आत गेल्या. त्या दिवशी भाजीत मीठ नव्हतं आणि सरांनी ते मागितलं नाही.

थांबवता आलं असतं का? आलं असतं. एक चौकोन ओढून डिलीट दाबायचं होतं. चोर परत घसरला असता, निर्जीव राहिला असता. पण मग फिल्म निवडली गेली नसती, आणि शेवटी ते नाव आहे ना, पांढऱ्या अक्षरात, चौकात, ‘कलाशिक्षक इंद्रजीत बनकर’. सरांनी स्वतःची समजूत काढली की रस्त्यावरचे लोक सिग्नल बघतात, फिल्म कोण बघतो. आपलं नाव मात्र ते बघतील, अशीही समजूत होती. दोन्ही समजुती एकाच डोक्यात सुखानं नांदत होत्या.

फिल्म निवडली गेली. आणि मजीदभाईंनी सिल्लोडहून मेहुण्याचं कुटुंब बोलावून घेतलं.

“आज नको मजीदभाई, ऊन फार आहे,” सर म्हणाले.

“मी हिरो झालो तर उन्हाला काय भ्यायचं? चला, तुम्ही पण चला. तुम्ही नसले तर मजा नाय.”

नाही म्हणायला तोंड पाहिजे. दोन रिक्षा निघाल्या. इस्त्रीचा सदरा होता, अत्तर होतं. चौकात पडद्यासमोर सगळे फुटपाथवर रांगेनं उभे राहिले, मेहुण्यानं मोबाईल वर धरला. फिल्म सुरू झाली. चांगला नागरिक आला. कवायतीला निघाल्यासारखा, लाकडी, सरळ, हात मांडीला चिकटलेले. त्यानं नळ बंद केला.

“हा मी नाय,” मजीदभाई म्हणाले. “माझं पुढं असंल.”

बनकर सरांनी रस्त्याच्या पलीकडं पाहायला सुरुवात केली. पलीकडं चपलांचं दुकान होतं. इतक्या बारकाईनं त्या दुकानाकडं कुणी कधी पाहिलं नसेल.

मग चोर आला. फाकल्या पायांनी. कलला. हात वर गेला.

सिग्नलला सिल्लोडची गाडी थांबलेली होती. हा योगायोग नाही, ती रोज थांबते. खिडकीतून एकजण ओरडला, “अरे! हा तर आपला मजीद कंडक्टर!” दुसऱ्यानं फुटपाथवर खरे मजीदभाई पाहिले आणि आनंदानं हाक मारली, “ओ मामू! मोटार कहाँ छुपाए?” गाडी हसली. रिक्षावाले हसले. मेहुणा हसला आणि मग बायकोकडं बघून थांबला. मजीदभाई स्वतःही हसले. जरा जास्तच वेळ हसले.

शेवटी साहेब आले, हात जोडले, तोंड हलवलं. मग बनवणाऱ्याचं नाव आलं. म्हणजे आलं असणार. फिल्म मिनिटात बसवताना सरांनी शेवटचा तुकडा दाबून आखडता केला होता. पापणी लवली तेवढ्यात नाव गेलं. इतकं करून, साहेब, तेही कुणी वाचलं नाही.

परत जाताना मजीदभाई रिक्षापर्यंत चालले. उजवा हात त्यांनी सदऱ्याच्या खिशात घातला होता. वाटेत एकदा खिसा वर उचलला गेला, आणि त्यांनी डाव्या हातानं तो दाबून धरला.

त्यानंतर आठवड्यानं नळ आला आणि नळामागोमाग तुमचं मोटारी पकडणारं पथक. जीप, एक अधिकारी, दोन माणसं. गल्लीत पालथ्या टबांची रांग असताना जीप नेमकी मजीदभाईंच्या दारात थांबली.

“तक्रार आहे,” अधिकारी म्हणाला.

“कुणाची?” मजीदभाईंनी विचारलं.

“लोक म्हणतात.”

अजराभाभी दारातून बाजूला झाल्या. “या. न्हाणीत बघा. पलंगाखाली बघा. पिठाच्या डब्यात पण बघा, एखादी मोटार असंल पिठात.”

पलीकडच्या अंगणात बनकर सरांची मोटार चालू होती. बंद करायला आत जावं तर पथक बघेल. सर पालथ्या निळ्या टबावर बसले आणि पेपर उघडला. आत करुणावहिनींनी काय केलं असेल? मिक्सरमध्ये शेंगदाणे घालून बटण दाबलं. आवाज आवाजात मिसळला. पण टबाचं काय करणार? टब थरथरत होता, टबावरचे सर थरथरत होते, सरांच्या हातातला पेपर पानं उलटी व्हावीत इतका थरथरत होता. एक पाय त्यांनी लाल चिकटपट्टीच्या वायरवर ठेवला होता.

मजीदभाईंकडं काहीच न सापडल्यामुळं चिडलेला अधिकारी भिंतीपाशी आला. “अरे, तुम्ही ते फिल्मवाले सर ना? काय हुबेहूब मोटार काढलीत!”

“ध-ध-धन्यवाद.”

“तब्येत बरी नाही का?”

“थं-थं-थंडी वाजतेय.”

ऑक्टोबरचं ऊन डोक्यावर होतं. अधिकाऱ्याची नजर सरांवरून खाली टबाकडं सरकू लागली. तेवढ्यात भिंतीच्या त्या बाजूनं मजीदभाई बोलले.

“सरांना कंप आहे साहेब. जुना आहे. काळजी नका करू, मी बघतो त्यांच्याकडं.”

अधिकारी गेला. जीप गेली. वहिनींनी मिक्सर थांबवला, मग मोटार थांबली. गल्ली एकदम शांत झाली आणि त्या शांततेत मजीदभाईंच्या नळाची धार बादलीत पडायला लागली. इतका वेळ ती पडत नव्हती. दोन्ही घरांनी तो आवाज ऐकला.

बनकर सरांना त्या दिवशी जेवण गेलं नाही. दुसऱ्या दिवशी रजा टाकून ते तुमच्या कक्षात आले. सात सेकंद बदलायचे आहेत, पाच मिनिटांचं काम आहे, म्हणाले. पुंजारामांनी चष्मा काढला.

“मंजूर झालेली फिल्म बदलता येत नाही.”

“एका माणसाची बदनामी होतेय.”

“नाव आलंय त्याचं?”

“नाव नाही. चाल.”

“चाल त्याचीच आहे याला पुरावा? आधार कार्डावर चाल असते का? असं करा, त्याला समक्ष आणा. साहेबांसमोर चालून दाखवू द्या. फिल्मशी जुळली तर पुढं बघू.”

हा निरोप घेऊन सर संध्याकाळी मजीदभाईंच्या ओट्यावर गेले. मजीदभाई खुर्चीत बसले होते. हल्ली ते तिथंच असतात. सरांनी सगळं सांगितलं.

“म्हणजे पहिले मी साबित करायचं की चोर मीच आहे,” मजीदभाई म्हणाले, “मंग ते लिहून देणार की मी चोर नाय.”

“तसंच काहीतरी,” सर म्हणाले.

अजराभाभींनी चहा आणून ठेवला. “घ्या सर, गरम आहे. तुम्हाला थंडी वाजती ना.”

मग मात्र बनकर सरांचा तोल गेला. साहेबावर तुटून पडले. खुर्चीत रेलतो म्हणाले, मान वर करत नाही म्हणाले, चहा पीत पीत एका वाक्यात माणसाला चोर करतो म्हणाले. ही कथा ज्या शब्दांनी सुरू झाली ना, ते शब्द त्यांचे. त्या ओट्यावरचे. हात आपटून, डोळ्यांत पाणी आणून सर बोलले. “त्यानंच सांगितलं मजीदभाई! मी नाही! तोच म्हणाला, ती चाल चोराला लावा, शोभेल!”

मजीदभाई कप घ्यायला उठले. उठताना उजवा हात सवयीनं वर निघाला, डोक्यापर्यंत गेला. त्यांनी तो बघितला आणि खाली आणला.

“साहेब तसं म्हणाला,” ते म्हणाले. “बरं. त्याची नोकरी आहे. तो मला वळखत नाय, माझ्या गाडीत कधी बसला नाय. तुम्ही काय म्हणाले?”

“मी?”

“हौ. तो म्हणाला, चोराला लावा. मंग तुमच्या तोंडातून काय शब्द निघाला, तेवढा सांगा.”

भिंतीपलीकडं भांडं घासायचा आवाज चालू होता, तो थांबला. करुणावहिनीही ऐकत होत्या. बनकर सरांना ते वाक्य आठवत होतं. लहानसंच होतं. ‘होय सर, एका सिलेक्शनचं तर काम आहे.’ म्हणताना ते थोडे हसलेही होते. ते वाक्य कापता येत नव्हतं, उलटं फिरवता येत नव्हतं, दुसऱ्या कुणाच्या तोंडावर टाकता येत नव्हतं. त्यांनी तोंड उघडलं. ते नुसतंच हलत राहिलं.

मजीदभाई खुर्चीला धरून उभेच होते.

“बोला ना सर. मी उभा आहे. तुम्ही काय म्हणाले?”